राजाची दाढी आणि वत्सलाची भांडी

चिन्मय आणि इरा,

आधी काम, मग गप्पा. या महिन्यात दोघांनीही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांतला दाब मोजून घ्यायचा आहे. चष्म्याच्या दुकानात चालणार नाही, डॉक्टरच हवेत. आणि आमच्या घरात काचबिंदू आहे हे आपणहून सांगायचं, ते विचारतील म्हणून थांबायचं नाही. मला गेल्या महिन्यात कळलं. डावीकडून येणारी स्कूटर मला अचानक अंगावर आल्यासारखी वाटायची आणि मी त्या पोरांनाच दोष देत होते. थेंब सुरू झालेत, सकाळी सातला आणि रात्री नऊला, अजून एकदाही चुकलेले नाहीत. "गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपू," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातला पहिला अर्धा भाग मी पंधरा वर्षांची असताना एकदा ऐकला होता, बाबांचा हात धरून उभी होते तेव्हा. दुसरा अर्धा तेव्हा कुणी सांगितला नाही. म्हणून, मला ओळी सरळ दिसतात तोवर हे लिहून ठेवते आहे.

आणि इरा, थोडं तुझ्यामुळेही. तू कुठल्याशा लिलावातल्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेचा फोटो पाठवलास आणि विचारलंस, "आजी, ही पणजोबांनी बनवलेली का?" तुझ्या आईने तुला अर्धंमुर्धं सांगितलेलं दिसतं. नोट एक माणूस बनवत नाही. मी तुझा फोटो दोन बोटांनी मोठा करत करत राजाच्या हनुवटीपर्यंत गेले. तिथे पोचले तर रेषा नव्हत्याच, नुसते चौकोनी ठिपके. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला फोटोवरून देता येत नाही. जे ठाऊक आहे ते सांगते.

आम्ही नागपूरच्या इतवारीत राहायचो, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीमागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात तांब्यापितळेचं काम करायला इकडे आले, असं बाबा सांगायचे. आमच्या गल्लीत शांतता अशी नसायचीच. सकाळी आठला ओळीतली दुकानं उघडली की ठोकायला सुरुवात व्हायची, ती दिवेलागणीला थांबायची. बाहेरच्या माणसाचं डोकं उठायचं. आम्हाला त्यातला एकेक आवाज वेगळा ऐकू यायचा: परातीचा काठ वळवण्याचा जड आवाज, पोचा काढायच्या लाकडी हातोड्याचा मऊ आवाज, आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या बाबांच्या हातोडीचा बारीक, एकसारखा, पावसाच्या थेंबांसारखा आवाज. आई चुलीपाशी बसून तो ऐकायची. तो थांबला की बाबा जेवायला येणार, म्हणून ती भाकरी तव्यावर टाकायची. आमच्याकडे रोज अंबाडीची नाहीतर कशाची तरी भाजी, पातळ वरण, भाकरी, आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. सणाला भरड्या डाळीचे गोळे घातलेला गोळाभात. बाबांना गोळाभात इतका आवडायचा की वाढेपर्यंत ते ताटातलं मीठच चाखत बसायचे.

लग्नात मुलीला जी भांडी देतात त्यांच्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत आहे. आता स्टीलवर विजेच्या पेनने दोन मिनिटांत घालतात. तेव्हा लहान छिन्नी आणि हातोडी घेऊन, टिंबाला टिंब जोडत, पितळेच्या पत्र्यात नाव उतरवावं लागे. तुळशीराम शेठच्या दुकानाच्या ओट्यावर बाबांची जागा होती, पोत्यावर उशी टाकून. ओट्याचं भाडं नव्हतं आणि पगारही नव्हता. दुकानात भांडं घेणारा गिऱ्हाईक तिथेच नाव घालून घेई. आमचं सगळं घर त्या उशीवर चालायचं.

पण बाबा मुळात नावं घालणारे नव्हते. तरुणपणी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, ते सरकारी नोटांच्या छापखान्यात कोरणारे होते. त्या गावाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. बाबांनी तिथे शपथ घेतली होती आणि ते ती फार मनावर घ्यायचे. म्हणून त्या जागेला आम्ही "तिकडे" म्हणायचो. तिकडे पाऊस फार. तिकडे द्राक्षं मिळायची. आईने संसाराची पहिली वर्षं तिकडे काढली होती. तीसुद्धा "तिकडे" म्हणायची आणि आवाज थोडा खाली आणायची.

त्याआधी आपल्या देशाच्या नोटा विलायतेत छापून बोटीने यायच्या. मग त्या इथेच छापायचं ठरलं आणि हात बारीक असलेली माणसं शोधली गेली. बाबा तांब्यावर देवाच्या मूर्तीच्या भिवया कोरायचे, ते कुणीतरी पाहिलं होतं. नोटेचं चित्र तिकडच्या साहेबांनी काढलेलं असायचं. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती वेलबुट्टी, आणि मागे निरनिराळ्या लिप्यांमधून किंमत. वेलबुट्टीतली ती एकात एक गुंतलेली वर्तुळं यंत्र काढायचं. हाताने करायचं ते काम वेगळं. भिंगाखाली पोलादाचा पत्रा, हातात केसासारखं टोक असलेली कोरणी, आणि एकेक रेषा ढकलत न्यायची. रेषा जितकी खोल तितकी शाई जास्त, म्हणजे कागदावर तितकी गडद. चूक झाली तर खोडता येत नाही. पत्रा मागून ठोकून वर आणायचा, घासायचा, पुन्हा कोरायचा. छापून झालेला एकेक कागद मोजला जायचा, फाटलेला असो की डागाळलेला. एक कमी आला तर सापडेपर्यंत सगळ्यांना आत बसवून ठेवायचे. बाहेर पडताना अंगावरचे कामाचे कपडे आतच सोडायचे आणि स्वतःचे घालायचे. बाबा सांगायचे, नखांत शाई राहिलेली असली तरी त्यांना वाटायचं आपण काहीतरी चोरून नेतो आहोत.

आणि तिकडे सगळं उलटं. कागदावर सरळ यायचं तर पत्र्यावर उलटं कोरावं लागतं. बाबांच्या समोर एक आरसा तिरपा लावलेला असे, त्यात मूळ चित्र पाहून हात चालवायचा. सुरुवातीचे सहा महिने त्यांचं डोकं दुखायचं. मग डोळ्यांनी विचार करणं सोडलं आणि हातालाच सगळं येऊ लागलं. बारा वर्षं ते उलटं कोरत होते.

त्या बारा वर्षांतली त्यांच्या अभिमानाची गोष्ट एकच. मुखवट्याचा पत्रा वापरून झिजला तेव्हा राजाच्या दाढीचा खालचा भाग बाबांनी पुन्हा कोरला. चेहऱ्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती, फक्त हनुवटीखाली. मी लहान असताना कुठून जुनी राजाची नोट हाती आली की ते ती उजेडाकडे धरून अंगठ्याच्या नखाने दाढीवरून फिरवायचे आणि म्हणायचे, "हे दाढी माही आहे वं, कुमे."

आई म्हणायची, "राजाची केली, स्वतःची कधी करता?"

यातलं किती खरं, ते मला सांगता येत नाही. कुठे सही नसते. इतक्या लोकांच्या खिशात ती नोट होती आणि बाबांनी ती केली हे आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीचा अर्धवटच विश्वास होता.

नजर मंद होऊ लागली म्हणून त्यांना तिकडून रीतसर निरोप मिळाला. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. भिंगाखाली रेषा दुहेरी दिसू लागल्यावर तिथे बसून करणार काय? मग नागपूर, मग तुळशीराम शेठचा ओटा. टिंबांचं काम जाडंभरडं, त्याला उरलेली नजर पुरेल असा हिशेब होता. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे मी ओळखते ते बाबा डोळे बारीक करून पाहणारेच.

मी बाराएक वर्षांची असताना पहिल्यांदा लक्षात आलं की बाबा गिऱ्हाइकाने लिहून दिलेली चिठ्ठी वाचत नाहीत, मला वाचायला लावतात. आधी म्हणायचे अक्षर वाईट आहे. मग म्हणायचे, "तू वाच, तुले शाळेत टाकलं ते कायले?" मग काहीच म्हणेनासे झाले. माझी शाळा महाल भागात होती. सुटली की मी धावत ओट्यावर यायची, त्यांच्या मागे पाठ टेकून अभ्यासाचं पुस्तक उघडायची आणि पुस्तकाच्या आडून त्यांचं काम तपासायची. एखादी मात्रा रेषेच्या वर उडाली असेल तर हळूच सांगायची. ते अंगठ्याने चाचपून नीट करायचे. दुपारी ओट्यावर गिऱ्हाईक नसलं की कोपऱ्यातल्या फुटक्या पातेल्यावर त्यांनी मलाही छिन्नी धरायला शिकवली. "पोरीच्या जातीले कोण बसू देईन इथं," म्हणायचे, तरी शिकवायचे. आई घरी आवाज ऐकायची. ठोक्याची लय तुटली की तिच्या हातातली भाकरी तुटायची.

एकदा तिने हट्ट धरला आणि आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो. सकाळी सहापासून रांगेत. डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यात कसलंसं औषध घातलं, दिव्याने पाहिलं, आणि बाबांना सोडून माझ्याशी इंग्रजीत बोलले, कारण माझ्या हातात इंग्रजीचं पुस्तक होतं. काचबिंदू आहे, फार उशीर झाला, गेलेली नजर परत येत नाही. आईने विचारलं, "काय म्हणते वं तो?" मी म्हणाले, थेंब देतो म्हणतात. बाबांनी माझा हात दाबला. त्यांना तिकडच्या साहेबांमुळे तेवढं इंग्रजी कळत होतं. घरी येईपर्यंत आई त्या थेंबांची बाटली पदरात धरून चालत होती.

आता त्या उन्हाळ्याकडे येते. माझी मॅट्रिकची परीक्षा आणि लग्नसराई एकदमच आली. रामटेककडच्या एका मालगुजार जमीनदाराच्या घरचं मोठं काम शेठकडे आलं: घंगाळापासून वाटीपर्यंत एक्कावन्न पितळी नग, आणि प्रत्येकावर एकच नाव, "चि. सौ. कां. वत्सला". शेठ खूश होते. ओळीत पलीकडे एक माणूस विजेचं पेन घेऊन आला होता आणि शेठ त्याच्याकडे दोनदा जाऊन पाहून आल्याचं आम्हाला ठाऊक होतं. हे काम वेळेवर आणि चांगलं झालं तर ओटा आणखी एक हंगाम टिकेल. नाही झालं तर आमच्या घरात दुसरं मिळवणारं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, मी पेपर देऊन रोज दुपारी येते. बाबा चिडले. "येजो नको. अभ्यास करजो. एकच नाव आहे. एक्कावन्न वेळा एकच नाव. त्याले नजर कायले पाह्यजे?"

मला ते पटलं. पटवून घ्यायला बरं वाटलं, हे खरं. तीन दिवस मी ओट्याकडे फिरकले नाही. घरात बसून भूमिती घोकत होते आणि गल्लीतून बाबांची हातोडी ऐकू येत होती, कधी नव्हे इतकी एकसारखी, न अडखळता. आई म्हणालीही, "आज कसे जवान माणसासारखे ठोकून राहिले." मला आजही वाटतं, त्या आवाजावरून मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पेपर नव्हता, शेवटचा गणिताचा दुसऱ्या दिवशी. सकाळी दहाच्या सुमारास मी बाबांचा डबा घेऊन गेले. मुलीकडची माणसं माल न्यायला आली होती. मुलीची आत्या, जाड पाटल्या घातलेली, दोन म्हाताऱ्या, आणि बैलगाडी बाहेर. बाबांनी प्रत्येक नग स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यांत भरला होता. आत्याबाईंनी वरचा एक सोडला. तांब्या होता. फिरवून पाहिला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोणती भाषा हाय गा, शेठ?"

"कोणती म्हंजे? आपलीच."

"मोडी हाय का?" एका म्हातारीने विचारलं.

"मोडी मी वाचतो ना, बाप्पा. आणा इकडं." शेठने तांब्या घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरा नग सोडला, तिसरा सोडला. मी डबा खाली ठेवला. नाव होतं, सुरेख होतं, इतकं बारीक आणि घोटीव की बाबांनी इतवारीत असं काम कधी केलंच नव्हतं. फक्त ते उजवीकडून डावीकडे गेलेलं होतं. "ला" आधी, मग पुढचं, सगळी अक्षरं पाठमोरी.

दुसऱ्या म्हातारीने रुखवतासाठी घेतलेला आरसा पिशवीतून काढला आणि तांब्यासमोर धरला. आरशात "चि. सौ. कां. वत्सला" सरळ उभी राहिली. म्हातारी घाबरून आरसा खाली ठेवून बसली.

"मायबाई!" आत्याबाई ओरडल्या. "पोरीचं नाव उलटं! पोरगी उलट्या पावली घरी येईन नं आता! काय करून ठेवलं हे?"

बाबा उशीवरून उठले. "काय झालं वं, कुमे?"

मी त्यांचा अंगठा त्या अक्षरांवर ठेवला. त्यांनी पूर्ण ओळ चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि चेहऱ्यावर समाधान आलं. "बरोबर तर आहे," ते म्हणाले. मग शेठच्या दिशेने, अगदी शांतपणे, "छापून पाहा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग बाहेरचा गाडीवान हसला.

"नारायणराव," शेठ म्हणाले, "तांब्या कायले छापता गा?"

हे ऐकल्यावर बाबांच्या लक्षात आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, म्हणून मला नेमकं कधी ते दिसलं. त्यांनी तांब्या पोटाशी धरला. "मी तिकडे बसलो होतो," एवढंच म्हणाले, मलाच.

शेठने पुढे येऊन त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. एकदा, मग पुन्हा. बाबांची पापणी हलली नाही. "तुमाले दिसत नाही," शेठ म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "कवापासून दिसत नाही गा? आणि मले सांगतलं काहून नाही?" शेजारच्या ओट्यावरचे लोक उठून आले. ठोकणं थांबलं, आधी शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, आणि मग सगळी ओळ बंद पडली. तेवढी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. मागच्या खोलीत आईनेही ती ऐकली असणार, कारण थोड्याच वेळात ती पीठ लागलेल्या हातांनी दुकानाच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. पुढे आली नाही.

आत्याबाई म्हणत होत्या, पैसे नको, माल नको, दुसऱ्या दुकानात जातो. लग्न तिसऱ्या दिवशी होतं. शेठ हात जोडत होते. मी कुठून बोलले मला ठाऊक नाही. "दिवे लागायच्या आत सरळ करून देतो," म्हणाले.

"कोण करते?"

"मी."

"तू?" शेठने माझ्याकडे पाहिलं. "पोरगी बसन ओट्यावर? सगळ्या इतवारीसमोर?"

"बसन," आई कोपऱ्यावरून म्हणाली.

मी बाबांच्या उशीवर बसले. आईने सगळी पोती उलटी केली. तेव्हा दिसलं की अगदी तळाचे आठ-नऊ नग सरळ होते. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी बाबा इतवारीतच होते. मग तेच नाव, पुन्हा तेच नाव, त्याच मापाचं, आणि कधीतरी हात त्यांना न विचारता तिकडे निघून गेला. बाकीच्या नगांवर आई कानशीने जुनं नाव घासायची, शेठचा माणूस घासकागद फिरवायचा आणि मी त्याच जागी नवं नाव ठोकायची. बाबा समोर बसून भांडं मांडीत घट्ट धरायचे. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. "हळू. पत्रा पातळ झाला इथं." "आता टोक बोथट झालं, दुसरी घे." "थांब, श्वास घे, मग वेलांटी." त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. मीच मध्येमध्ये रडत होते, आणि मान वर करत नव्हते कारण समोर लोक उभे होते. कुणीतरी म्हणालंही, "नारायणरावची पोरगी बामणासारखी शिकून राहिली होती, पाहा आता." दोन वाट्यांना भोकं पडली. शेठने फळीवरच्या दुसऱ्या दिल्या. पाणी प्यायलाही कुणी उठलं नाही.

माझं काम चांगलं नव्हतं. ते जाडजूड, वर-खाली गेलेलं, शाळकरी अक्षर होतं. बाबांचं ते देखणं उलटं काम पुसून त्याच्यावर मी ते ठोकत होते. हे मी आयुष्यात दुसऱ्या कशाहून जास्त वेळा आठवलं आहे.

ओळीत दिवे लागले तेव्हा आत्याबाई परत आल्या, प्रत्येक नग दिव्याजवळ धरून वाचला आणि गाडीत भरून घेऊन गेल्या. शेठ बाबांना म्हणाले, "नारायणराव, उद्या येजा नका."

दुसऱ्या दिवशी मी गणिताच्या पेपरला गेले. उजवा हात मनगटापर्यंत सुजला होता, टाक धरवेना. डाव्या हाताने आकडे काढायचा प्रयत्न केला. उत्तरं येत होती आणि लिहिता येत नव्हती. त्या वर्षी मी नापास झाले. तुमच्या आईला मी नेहमी सांगितलं की आजारी होते.

पुढचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात लिहिते, कारण त्यात सांगण्यासारखं फार थोडं आहे. आईने कामठीच्या एका ठेकेदाराकडून विड्यांची पानं आणायला सुरुवात केली. घरात तेंदूच्या ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास बसला, तो कपड्यांतून कधी गेला नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. ओळीतली ठोकाठोक सुरू झाली की उपरणं डोक्यावरून घेत. एके दिवशी मला म्हणाले, "कुमे, मले सक्करदऱ्याच्या तलावावर नेशीन का? हवा खायले." मी चप्पल घालायला लागले. आई चुलीपुढून उठून दारात आडवी बसली. "कुठी नाही जायचं," म्हणाली. "मी बी येईन मंग. आन् हे पोरगी बी येईन. तिघंबी जाऊ." बाबा पुन्हा भिंतीकडे वळले. मी चप्पल काढून ठेवली. त्यानंतर आई कधी दोघांना एकटं सोडून बाजारात गेली नाही. महिनोन् महिने भाजी मीच आणायची.

पावसाळ्यात कधीतरी त्यांनी आपणहून हात पुढे केला आणि आईच्या सुपातलं एक पान उचललं. कापलेलं पान कसं धरायचं, तंबाखू किती, दोरा कुठे आवळायचा, ते तिने एकदाच दाखवलं. आठवड्याभरात ते तिच्याइतक्या विड्या वळू लागले, आणि त्यांची विडी ठेकेदाराने कधी परत केली नाही. नोटेचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मी भांड्यांवर नावं घालत होतो. दाढीचं तर नाहीच. मी पुढच्या वर्षी पास झाले, कॉलेजात गेले, इंग्रजी घेतलं, पोरींना शिकवायची नोकरी मिळाली. त्या नोकरीच्या आधीच्या उन्हाळ्यात बाबा गेले. शेवटची आठ वर्षं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. आमच्या घरात ही गोष्ट नीट कुणी सांगितलीच नाही, कारण तिची सुरुवात सांगायची तर शेवटही सांगावा लागला असता.

मी एक गोष्ट अजून कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी ओट्यावर घासायच्या नगांत एक गडू माझ्या हाती आला. त्याच्यावर "चि. सौ. कां." सरळ होतं आणि त्यापुढचं "वत्सला" पाठमोरं. बाबांचा हात नेमका तिथे वळला होता, त्या एका जागेत. मी तो आईकडे घासायला दिला नाही. परकराखाली सरकवला आणि एक नग कमी भरतो म्हटल्यावर शेठने फळीवरचा दुसरा दिला, त्याच्यावर मी नाव घातलं. ज्या माणसाने बारा वर्षं नखातली शाईसुद्धा बाहेर न्यायला नको म्हटलं, त्याच्या डोळ्यांसमोर मी ही चोरी केली. त्यांना ती दिसली नाही.

राजाची एकही नोट आमच्याकडे नाही. बाबांच्या छिन्न्या आईने तंबाखूचे पुडे दाबायला वापरल्या, मग त्या कुठे गेल्या कळलं नाही. ओटा नाही, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. गडू आहे. स्वयंपाकघरात खालच्या फळीवर असतो आणि मी त्यातून पाणी पिते.